त्या चादरींना हात लावणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

तुम्ही आमचं वॉशिंग मशीन दुरुस्त करून गेलात त्याला आज आठ दिवस झाले. तुम्ही निघताना मी नुसतं 'थँक्यू हं' म्हटलं, दार लावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. तेव्हा जे बोलता आलं नाही ते इथे लिहितेय. तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हीच म्हणाला होतात, 'ताई, नंबर कुणाला देऊ नका, फोन वाढले की हातातल्या कामात लक्ष राहत नाही.' पण कळव्याहून कासारवडवलीला, मेट्रोच्या खोदकामातून, भर पावसात स्कूटरवर कोण आलं होतं हे तुम्हाला वाचल्यावर कळेलच.

आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, मागच्या वर्षी पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. तेव्हापासून दिवसाला दोन-तीन चादरी निघतात. डायपर असला तरी निघतात. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्या चादरी ६० अंशांच्या पाण्यातून निघाल्या तरच वास जातो. गार पाण्यात पावडर कितीही ओता, वास कापडात दडून बसतो आणि पावसाळ्यात दोन दिवस दोरीवर राहिला की दुप्पट होऊन परत येतो. मशीन पाणी तापवेनासं झालं तेव्हा म्हणूनच माझे हातपाय गळाले. आवाज नाही, एरर नाही. धुतंय, पिळतंय, फक्त दाराची काच गारढोण. तीन आठवडे मी गॅसवर मोठ्या पातेल्यात पाणी तापवून बादलीत चादरी भिजवत होते.

त्या तीन आठवड्यांत दोघेजण येऊन गेले. पहिले कंपनीकडून. त्यांनी मशीनचं मागचं झाकणसुद्धा काढलं नाही. ड्राय बाल्कनीच्या दारात नाकाला रुमाल लावून उभे राहिले आणि म्हणाले, बोर्ड गेलंय, साडेआठ हजार होतील, त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या. दुसऱ्यांनी हीटर बदलला, २,२०० रुपये घेतले. पाणी गारच. नंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही. पैसे गेल्याचा राग आहे, का नसावा? पण त्या रुमालाचा जास्त आहे. आईंची खाट हॉलमध्ये आहे, तिथून बाल्कनीचं दार समोर दिसतं. आईंना नीट बोलता येत नाही, पण दिसतं सगळं. त्या रात्री त्यांनी जेवायला तोंड उघडलं नाही.

तुम्ही प्लग काढलात, झाकण उघडलंत आणि मीटर लावलात. २७ ओहम. 'हीटर ठणठणीत आहे, ताई.' मग कोपऱ्यात टाकलेला जुना हीटर उचललात. आमच्याकडे घोडबंदरला टँकरचं पाणी, त्यामुळे तो क्षारांनी पांढराफटक झालेला, पण मीटरवर तोही धडधाकट. म्हणजे चांगला हीटर काढून चांगला हीटर बसवण्याचे मी २,२०० मोजले होते. पाणी किती तापलं ते बघणारा सेन्सर तुम्ही मुठीत धरलात आणि हाताच्या उबेने मीटरवरचा आकडा कसा खाली उतरतो ते मला दाखवलंत. तोही बरा होता. शेवटी हीटरवर बसणाऱ्या वायरच्या टोकाची ती पितळी क्लिप. काळी पडलेली, करपलेली, बोट लावताच सुटून आली. '२,००० वॅटचा हीटर आहे. आठ-नऊ अँपिअर करंट एवढ्याशा क्लिपमधून जातो. सैल झाली की तापते, तापली की आणखी सैल होते.' आधीच्या माणसाने तीच करपलेली क्लिप नव्या हीटरवर खोचून दिली होती. डोळ्यांनी दिसत होती हो ती, मीटरचीही गरज नव्हती.

पण हे पत्र क्लिपसाठी नाही.

नवी क्लिप बसवल्यावर तुम्ही म्हणालात, चालवून बघू. चादरींची बादली मी तुम्ही यायच्या आधी दारामागे सरकवून वर टॉवेल टाकला होता. मी म्हटलं, रिकामंच चालवा. तुम्ही म्हणालात, 'रिकामं कशाला? टँकरचं पाणी, फुकट जाईल.' आणि मी पुढे व्हायच्या आत टॉवेल बाजूला करून एक चादर उचललीत, तिचा पीळ सोडवून नीट आत घातलीत, मग दुसरी. तोंड फिरवलं नाही, श्वास रोखला नाही. 'असू दे, ताई' असंही म्हणाला नाहीत. तसं म्हणाला असता तर मला लाज वाटली असती. कुणाच्याही घरचे कुठलेही कपडे मशीनमध्ये टाकावेत तसे टाकलेत, हात धुतलेत आणि स्टुलावर बसून राहिलात. वर्षभरात घरच्या माणसांखेरीज त्या चादरींना कुणी हात लावला नव्हता. आमच्या जवळच्या नातेवाइकांनीही नाही.

पंचवीसेक मिनिटांनी काचेला हात लावून बघायला सांगितलंत. कोमट लागली. थोड्या वेळाने चांगलीच गरम. मग हॉलमध्ये जाऊन खाटेशी वाकून म्हणालात, 'आजी, पाणी तापलं बरं का.' आई डाव्या बाजूने हसल्या. त्यांना त्या प्रसंगात कुणीतरी घेतलं, त्यांच्याशी बोललं.

आई हॉस्पिटलात असताना वॉर्डातल्या एक मावशी रोज सकाळी त्यांचे केस विंचरून द्यायच्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, ते त्यांचं कामही नव्हतं. त्या दिवशी मला त्या मावशी आठवल्या. अशी माणसं भेटतात तेव्हा वाटतं, आपण एकट्याने हे सगळं ओढत नाही आहोत. तुमच्या घरी ज्यांनी तुम्हाला हे वळण लावलं, त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

तुम्ही ३५० घेतलेत. मी ५०० पुढे केले तर १५० मोजून परत दिलेत. महिन्यातून एकदा लिंबूसत्व घालून रिकामं गरम चालवायला सांगितलंत, या रविवारी चालवलं.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. वहिनींना आणि मुलांना घेऊन या. कालच मी तुमचं नाव काढलं, तर आईंनी डाव्या हाताने दाराकडे बोट दाखवलं आणि विचारलं, 'येणार?'