कैदी शोधायचा तर आधी जहाज

संपादक महोदय,

इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर धाडलेल्या कैद्यांवरचा लेख रविवारच्या पुरवणीत आला, हे फार बरे झाले. सिडनी-मेलबर्नला स्थायिक झालेल्या मुंबईकरांच्या घरी आता तिकडच्या सुना-जावयांच्या पूर्वजांचाही शोध चालतो. पण ‘संकेतस्थळावर नाव टाका, माणूस सापडेल’ हा लेखातला सल्ला पाळणारा वाचक हमखास परक्याच घराण्यात जाऊन पोहोचेल. १७८८ ते १८६८ या काळात सुमारे १ लाख ६२ हजार कैदी तिकडे गेले. त्यात जॉन स्मिथ किती असतील! तिथल्या सरकारी कारकुनांनाही हीच अडचण येई. म्हणून ते कैद्याच्या नावापुढे तो ज्या जहाजाने आला त्याचे नाव लिहीत. जहाजेही पुन्हा पुन्हा फेऱ्या करीत. तेव्हा नाव, जहाज आणि पोहोचल्याचे साल ही तिन्ही जुळल्याशिवाय पुढचा कागद उघडू नये.

सुरुवात त्या पूर्वजाच्या मृत्यूच्या दाखल्यापासून करावी. न्यू साउथ वेल्समध्ये १८५६ पासूनच्या दाखल्यात आईवडील, जन्मस्थळ आणि वसाहतीत काढलेली वर्षे लिहिलेली असतात. मृत्यूच्या सालातून ही वर्षे वजा केली की आगमनाचे साल हाती येते. मात्र ते अंदाजीच धरावे, कारण माहिती मुलेबाळे देत आणि बापाचा तुरुंगवास लपवण्यासाठी वर्षे बदलून सांगत. टास्मानियात मृत्यूची नोंदणी १८३८ पासूनच आहे, पण तिथल्या जुन्या नोंदींत इतका तपशील नसतो.

त्यानंतर पाहायची ती जहाजावरच्या कैद्यांची यादी, म्हणजे ‘इंडेंट’. सुरुवातीच्या याद्यांत नाव, खटल्याचे ठिकाण, तारीख आणि शिक्षा यापलीकडे फारसे काही नाही. १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मात्र याच कागदात अख्खा माणूस उभा राहतो: वय, धर्म, लिहिता-वाचता येते का, मुले किती, मूळ गाव, धंदा, गुन्हा. उंची पाव इंचापर्यंत मोजलेली असते. चेहऱ्यावरचे देवीचे व्रण, तुटलेले बोट, दंडावर गोंदलेला नांगर आणि त्याशेजारची बायकोच्या नावाची आद्याक्षरे, सगळे टिपलेले असते. एकाच नावाचे दोघे एकाच जहाजावर असले, तर निवाडा या गोंदणावरच होतो.

सुटकेच्या कागदांतही गफलत होते. सात वर्षांच्या शिक्षेत साधारण चार, चौदा वर्षांच्या शिक्षेत सहा आणि जन्मठेपेत आठ वर्षांनी ‘तिकीट ऑफ लीव्ह’, म्हणजे मुदत संपण्याआधी स्वतःची कमाई करण्याची सवलत, मिळू शके. जन्मठेपेच्या कैद्याचे ‘सर्टिफिकेट ऑफ फ्रीडम’, म्हणजे शिक्षा पुरी झाल्याचा दाखला, शोधत बसू नये. ते मुदतीच्या शिक्षेलाच मिळे. जन्मठेपवाल्याला माफी मिळे, आणि ती सशर्त असली तर मायदेशी परतायची बंदी असे.

इंग्लंडच्या बाजूला लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातील ‘एच-ओ ११’ या हद्दपारीच्या नोंदवह्यांत शिक्षेचे ठिकाण, तारीख, मुदत आणि जहाज मिळते. गुन्हा सहसा मिळत नाही. त्यासाठी खटलाच पाहावा लागतो. लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयाचे १६७४ ते १९१३ मधले खटले फुकट वाचता येतात, पण ते मुख्यतः लंडन परिसराचे. इतर परगण्यांतल्या कैद्यांसाठी असाइझेस (फिरती वरिष्ठ न्यायालये) किंवा क्वार्टर सेशन्सची (परगण्यातली तिमाही न्यायालये) दफ्तरे पाहावीत. शिक्षा ‘फाशी’ अशी दिसली म्हणून पान उलटू नये. अनेकांची फाशी रद्द होऊन हद्दपारी झाली. उलट हद्दपारीची शिक्षा झालेले सगळेच निघाले असेही नाही. कित्येक जण टेम्सवरच्या किंवा पोर्ट्समथच्या तुरुंगजहाजांवरच राहिले, तिथेच मेले किंवा सुटले. आयर्लंडहून गेलेल्यांची वाट आणखी बिकट: तिथल्या १८३६ पूर्वीच्या हद्दपारीच्या नोंदवह्या १९२२ च्या डब्लिनमधल्या आगीत गेल्या. त्यांच्या बाबतीत ऑस्ट्रेलियातल्या इंडेंटवरच मुख्य भिस्त.

लेखात न आलेली एक गोष्ट मुंबईकरांनी ध्यानात ठेवावी. हिंदुस्थानात लष्करी कोर्टाने शिक्षा दिलेले गोरे शिपाईही ऑस्ट्रेलियाला गेले. इंडेंटमध्ये खटल्याचे ठिकाण इकडचे असेल, तर इंग्लंडची न्यायालयीन दफ्तरे चाळण्यात अर्थ नाही. शिपाई बादशाही, म्हणजे ब्रिटिश राजाच्या, पलटणीतला असल्यास क्यूच्या ‘डब्ल्यू-ओ ९०’ या लष्करी खटल्यांच्या नोंदवह्या पाहाव्यात, ईस्ट इंडिया कंपनीचा असल्यास ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसची दफ्तरे.

– एक वाचक, दादर, मुंबई