एवढ्याशा स्प्रिंगला पाणी कसं द्यायचं?

बेथलेहेम, पेनसिल्व्हेनिया
८ फेब्रुवारी

ती. बाबा आणि आई यांस
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी ‘फ्लिंटलॉक’ म्हटलं की बाबांना ‘फ्लॅट ब्लॉक’ ऐकू येतं, आणि आई मधेच “बंदूक? कसली बंदूक?” म्हणत फोन काढून घेते. तीन रविवार झाले, घोडं तिथेच अडलंय. म्हणून सरळ पत्र लिहायला बसले. बाबा, उभा जन्म प्रेस शॉपमध्ये काढल्यावर कान असेच होणार, पण डोळे शाबूत आहेत. भिंग घेऊन वाचा, शेवटी चित्रही काढलंय.

आधी आईचं समाधान. आई, मी फ्लिंटलॉक, म्हणजे चकमकीच्या ठिणगीवर उडणारी बंदूक, विकत घेतलेली नाही, करते आहे. तीही सव्वा फुटाची, तुझ्या लाटण्याहून जेमतेम बोटभर लांब. खरी पाच फुटांची असते, ही तिच्या पावपट. सगळे भाग खरे, सगळे हलणारे. चाप ओढला की घोडा पडतो आणि ठिणगी उडते. गोळी घालायचा माझा विचार नाही. घातलीच तर ती मोहरीपेक्षा जरा मोठी, १३० मिलिग्रॅमच्या आसपास भरेल. कायद्याचं विचारशील म्हणून सांगते, इथला १९६८ चा केंद्रीय कायदा चकमकीची बंदूक आणि तिची नवी नक्कलसुद्धा जुन्या पुराण्या वस्तूंत धरतो. राज्याराज्यांचे नियम वेगळे असतात, ते मी विचारून घेतलेत. आपल्याकडे मात्र १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. त्यामुळे ती घेऊन मी घरी येणार नाही. विमानतळावर “साहेब, ही लहान आहे हो” असं कोण समजावत बसणार!

आता बाबांसाठी.

मागच्या गल्लीत एक आजोबा राहतात, डायमेकर म्हणून निवृत्त झालेले. तोंडावर मी त्यांना नावाने हाक मारते, इथे तशीच रीत आहे, पण मनात ते ‘मिस्तरी’च. पहिल्या दिवशी त्यांनी मला पितळेचा तुकडा आणि कानस दिली. मी दोनदा पुढेमागे घासली असेल नसेल, तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि कानस उचलून घेतली. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना उचलायची, नाहीतर दात मरतात. बाबा, हे इंग्रजीत ऐकताना मला हसूच फुटलं. आपल्या पडवीतल्या जॉब पकडायच्या शेगड्यापाशी, नववीच्या सुट्टीत, हेच वाक्य मी रोज ऐकलंय. ते का हसू आलं विचारत होते. मी म्हटलं, माझे वडील फिटर आहेत. त्यानंतर त्यांनी मला चहा विचारायला सुरुवात केली.

हा मुलूखच या कामाचा आहे. अठराव्या शतकात जर्मन भाषक कारागीर इकडे आले, ते आखूड, जाड नळीच्या शिकारी रायफली घेऊन. इथल्या जंगलात हिंडणाऱ्यांना शिसं आणि दारू पुरवून वापरायची होती. नळी लांब होत गेली, भोक बारीक होत गेलं आणि लँकेस्टरच्या आसपास ती सडपातळ लांब रायफल तयार झाली. नाव पडलं केंटकी, कारण ती घेऊन लोक केंटकीकडे गेले. केली मात्र पेनसिल्व्हेनियाने. घडवणारा एक आणि नाव दुसऱ्याचं, हे तुम्हाला नवीन नाही. आमच्याजवळच नाझरेथपाशी बुशकिल नावाच्या ओढ्याकाठी हेन्री घराण्याचा बंदुकांचा कारखाना होता. विल्यम हेन्री दुसरे यांनी १७९२ मध्ये त्या बाजूला सुरुवात केली. आता तिथे लांब रायफलींचं संग्रहालय आहे. मी तिथे काचेला नाक लावून खटक्यांचे, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचे, स्क्रू बघत बसले आणि निखिल बाहेर गाडीत झोपला.

खटक्याची रचना मनात उभी राहावी म्हणून सांगते. घोड्याच्या जबड्यात चामड्यात गुंडाळलेला चकमकीचा तुकडा धरलेला असतो. त्याच्या समोर पोलादाची एक उभी पट्टी, तिला इथे फ्रिझन म्हणतात, मी झापड म्हणते. झापडेचाच खालचा भाग म्हणजे रंजकाच्या, आधी पेटणाऱ्या चिमूटभर दारूच्या, वाटीचं झाकण. घोडा पडला की चकमक झापडेवर खरवडत खाली येते, त्याच धक्क्याने झापड मागे उलटते, वाटी उघडी पडते आणि ठिणग्या थेट रंजकात. तिथला जाळ बाजूच्या भोकातून नळीत जातो. या भोकाला आपल्या जुन्या मराठीत कान म्हणायचे, तोफेच्या कानात खिळे ठोकले असं बखरीत यायचं ते हेच. फ्रान्समधल्या लिझ्यू गावच्या मारँ ल बुर्जवा या कारागिराने १६१० च्या सुमारास ही सगळी जुळणी बसवली असं मानतात. एकच झटका, तोच खरवडतो आणि तोच झाकण उघडतो. दोनशे वर्षं जगाने त्यात फारसं काही बदललं नाही. आपल्याकडे मात्र तोड्याच्या बंदुका त्यानंतरही कितीतरी काळ चालल्या. मला आता त्याचं नवल वाटत नाही. तोड्याला पेटती वात पुरते. चकमकीच्या खटक्याला उत्तम स्प्रिंग लागते, आणि स्प्रिंग काय चीज आहे ते गेले चार महिने मी भोगते आहे.

एक गोष्ट मला आधी ठाऊक नव्हती. ठिणगी दगडाची नसते, पोलादाची असते. चकमकीची धार झापडेवरून पोलादाचा अगदी बारीक कीस काढते, तो कीस घासून तापलेला असतो आणि हवेत जळतो. म्हणजे झापड फार कडक झाली तर कीसच निघत नाही, मऊ राहिली तर दगड तिला नांगरत जातो आणि ठिणगी शून्य.

आता पावपटीचा घोळ बघा. लांबी, रुंदी, जाडी तिन्ही पावपट केल्या की स्प्रिंगचं लोखंड चौसष्टावा हिस्सा उरतं, आणि तिच्यात साठणारा जोरही तेवढाच. झापडेचं घासलं जाणारं क्षेत्रफळ मात्र सोळावा हिस्सा राहतं. म्हणजे तितक्याच पोलादाला खरवडायला चौथाई जोर. त्यात कीस इतका बारीक की जळायच्या आत गार होतो. रंजकाची दारू तीच, दगडही तोच, ते काही लहान व्हायला तयार नाहीत. मी पहिला खटका मापात अगदी काटेकोर केला, व्हर्निअरने शंभरदा मोजून. चाप ओढला. टक् असा आवाज आला, घड्याळाच्या काट्यासारखा, आणि काही नाही. मिस्तरी म्हणाले, “माप बघणाऱ्यांसाठी असतं, आगीला माप कळत नाही.” त्यांच्या स्वतःच्या खटक्यात मुख्य स्प्रिंग मापापेक्षा बरीच जाड आहे आणि झापडेची स्प्रिंग मापापेक्षा हलकी. बाहेरून कुणाला दिसत नाही. मला आधी ती लबाडी वाटली होती, आता वाटत नाही.

लाकडाचंही तसंच. खऱ्या रायफलीचा दस्ता वाघाच्या पट्ट्यांसारखी लाट असलेल्या मेपलचा असतो. तेच लाकूड लहान दस्त्याला घेतलं तर अख्ख्या दस्त्यावर चारच पट्टे येतात, झेब्रा दिसतो. म्हणून नासपतीचं घट्ट कणाचं लाकूड घेतलं. पट्टे ब्रशने रंगवायचे आहेत, ते पुढे बघू.

दस्त्यात खटका बसवण्याचं काम मात्र मला सगळ्यात आवडलं. खटक्याची पाटी साडेतीन सेंटिमीटर. दिव्याच्या ज्योतीवर धरून तिला काजळी धरायची, लाकडाच्या खाचेत हलकेच दाबायची आणि उचलायची. जिथे काळं उमटलं तिथेच लाकूड जास्त आहे. सुरीच्या टोकाने तेवढाच कण काढायचा, पुन्हा काजळी, पुन्हा दाब. तुम्ही मार्किंग ब्लू लावून सरफेस प्लेटवर जॉब घासायचा, तेच की हे! एका शनिवारी मी हे ८० च्या वर वेळा केलं. शेवटी सगळी खाच सारखी करडी झाली आणि पाटी आत जाताना हवा दबल्याचा ‘फस्’ आवाज आला. मी ती चार वेळा काढून पुन्हा बसवली, नुसता तो आवाज ऐकायला. निखिलला बोलावून ऐकवला. तो म्हणाला, “छान आहे, जेवायचं का?”

स्क्रू एक मिलिमीटरचे. आटे पाडायचा टॅप आत मोडला की मोडला, काढता येत नाही, नवीन तुकडा घ्यायचा. दोन मोडले. अडणीची स्प्रिंग, जी चापाच्या जिभेला दाबून धरते, ती चिमट्यातून सुटून उडाली आणि गालिच्यात गडप झाली. निखिलने झाडूला लोहचुंबक बांधून सगळं घर झाडलं. ती तिसऱ्या दिवशी माझ्याच स्वेटरच्या बाहीत सापडली.

आता मुख्य गाऱ्हाणं.

मुख्य स्प्रिंग म्हणजे इंग्रजी व्हीसारखी दुमडलेली पट्टी, बाकापाशी मिलिमीटरभर जाड आणि टोकाकडे निमुळती. पहिली मी पाणी द्यायला, म्हणजे कडक करायला, तापवून तेलात बुडवली, पण तेलापर्यंत नेईतो ती गार झालेली होती. एवढ्याशा जिवात उष्णता ती किती राहणार! कडक झालीच नाही. घोडा चढवला तशी वाकली आणि वाकलेलीच राहिली. दुसऱ्या वेळी तेलाची वाटी ज्योतीच्या अगदी शेजारी ठेवली. कडक झाली, पण पाणी उतरवताना, म्हणजे पुन्हा थोडी तापवून ठिसूळपणा घालवताना, मी घाई केली, काचेसारखी तुटली. एक तुकडा माझ्या चष्म्यावर टण्णकन आपटला. (आई, चष्मा होता. कायम असतो.) तिसरीचं पाणी उतरवताना मी रंग बघत होते. गवती, तपकिरी, जांभळा, मग निळा. पण टोक पातळ आणि बाक जाड. बाक जांभळा होतोय तोवर टोक निळं होऊन करडं पडलं. टोक मेलं.

मिस्तरी पितळेचा कीस पत्र्याच्या डब्यात तापवतात आणि स्प्रिंग त्यात पुरतात, म्हणजे सगळीकडून सारखी तापते. वितळलेल्या शिशातही बुडवतात म्हणे, पण शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि मला निळा हवा तो ३०० च्या आसपास, शिवाय तो धूर मला तळघरात नको. चौथी स्प्रिंग मी कीसातच केली. ती टिकली. आज दहा वेळा चाप ओढला तर सात वेळा ठिणगी पडली, दोनदा तर चांगल्या चार-पाच, पिवळ्या, वाटीच्या बरोबर मधोमध. दिवा घालवून बघितल्या. पण स्प्रिंग मला किंचित ढिली वाटते. पहिल्या दिवशीपेक्षा घोडा हळू पडतोय.

आणि म्हणून तुम्हाला विचारते. मला आठवतंय, एकदा शिवणयंत्राची की कसली तरी स्प्रिंग तुटली होती आणि तुम्ही पडवीत नवीन केली होती. पाणी दिल्यावर तुम्ही ती तेलात बुचकळून पक्कडीत धरून ज्योतीवर नेली, तेल भडकन पेटलं, तुम्ही ते तसंच जळू दिलंत. मग पुन्हा बुचकळलीत. आईने दारातून आरडाओरडा केला होता, पडवीचा वासा पेटेल म्हणून. ते तेल तुम्ही किती वेळा जाळलंत? एकदा, की तीनदा? आणि तेल कुठलं होतं? जाळ लागल्यावर ज्योतीतून बाहेर काढायची, की आतच धरायची? मिस्तरींना ही पद्धत ऐकून माहीत आहे, पण त्यांनी कधी केलेली नाही, आणि ते म्हणाले, “तुझ्या वडिलांना विचार.” हे वाक्य त्यांनी सहजासहजी म्हटलेलं नाही बरं का. त्यांना दुसऱ्याला विचारायची फारशी सवय नाही.

मागच्या पानावर स्प्रिंग चौपट मोठी करून काढली आहे, म्हणजे खऱ्या रायफलीत असते तेवढी. जाडीची मापं बाजूला लिहिली आहेत. पेन्सिलने खुणा करा, बाकाचा रंग कुठला ठेवायचा, टोकाचा कुठला, की सगळीकडे एकच. आणि आईला फोटो काढून पाठवायला सांगा, पोस्टाची वाट बघू नका. शनिवारी मी पाचवी करणार आहे.

आपली
मनू

ता. क. आई, तुझी ती जुनी भुवयांची चिमटी मी येताना उचलून आणली होती, ती इथे आहे. स्क्रू धरायला तिच्याइतकी चांगली वस्तू मिस्तरींकडेही नाही. परत मागू नकोस.