चावीचं मीटर

लेस्टर,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय संज्या,

परवा फोन मध्येच तुटला आणि तुझा मुख्य प्रश्न राहूनच गेला: "ते चावीचं मीटर तू काढलंस कसं?" (तेच, दुकानात आधी चावीत पैसे भरायचे आणि ती मीटरमध्ये घातली की तेवढी वीज मिळते, ते प्रीपेमेंट मीटर.) नंतर मुद्दामच फोन केला नाही. तोंडी सांगितलेलं तू निम्मं विसरतोस, हा होस्टेलपासूनचा अनुभव. म्हणून लिहितोय.

आधी एक काम कर. नव्या घराच्या ड्रॉवरमध्ये सापडलेली ती प्लास्टिकची चावी वापरत असशील तर आजच थांब. वीज-गॅसच्या कंपनीला फोन करून "आम्ही अमुक तारखेला राहायला आलो" म्हणून सांग आणि आपल्या नावाची नवी चावी आणि गॅसचं नवं कार्ड मागून घे. मी हे केलं नव्हतं. दुकानात वीस पौंड भरायचो, घरी येऊन चावी मीटरमध्ये घालायचो, आणि पडद्यावर पंधराच्या आसपास काहीतरी दिसायचं. महिनाभर वाटत होतं, इथली वीजच महाग. शेवटी कळलं की आधीच्या भाडेकरूची थकबाकी त्या मीटरवर होती आणि ती दर आठवड्याला माझ्या पैशांतून वळती होत होती. कंपनीनं पैसे परत दिले, पण भाडेकराराची प्रत आणि तीन फोन झाल्यावर.

तरी मीटर बदलायचं ठरलं ते यामुळे नाही. गेल्या वर्षी जानेवारीतला एक सोमवार. शनिवारीच शिल्लक संपली होती, आणि त्यानंतरचं इमर्जन्सी क्रेडिटही (शिल्लक संपली की मीटर देतं ती थोडीशी उसनवारी). पण शनिवार-रविवारी आणि रात्री हे मीटर वीज तोडत नाही, त्यामुळे मी निवांत. ती सवलत सोमवारी सकाळी संपते, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी ऑफिसात, आणि इकडे हिच्या डोक्याला शाम्पू लागलेला असताना शॉवर एकदम बर्फासारखा झाला. गंमत म्हणजे गॅसच्या मीटरवर बारा पौंड शिल्लक होते. पण बॉयलर गॅसचा असला तरी त्याचा पंप आणि कंट्रोल विजेवर चालतात. डोक्याला टॉवेल गुंडाळून, वर कोट चढवून ही कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. दहा पौंड भरले, त्यातून आधी उचललेलं इमर्जन्सी क्रेडिट वळतं झालं, मग त्या दोन दिवसांची वीज, मग स्टँडिंग चार्ज (रोजचा ठरावीक आकार). हातात उरले एक पौंड आणि काही पेनी. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा काय ऐकलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

स्टँडिंग चार्जचं तेवढं लक्षात ठेव. एक दिवा न लावता तू महिनाभर गावी गेलास तरी तो रोज चढतो. जानेवारी-मार्च २०२५ च्या दरानं विजेचा दिवसाला साधारण ६१ पेनी, गॅसचा ३२. उन्हाळ्यात हीटिंग बंद म्हणून गॅसचं कार्ड कोणी भरत नाही आणि ऑक्टोबरात पहिली थंडी पडली की भरलेले पैसे आधी त्या साठलेल्या चार्जमध्ये जातात.

आता बदलायचं कसं. कंपनीला फोन करून सरळ "क्रेडिट मीटर हवं" म्हणायचं. (या शब्दाची मला मजा वाटते. चावीच्या मीटरवर 'क्रेडिट' म्हणजे आपली शिल्लक, आणि क्रेडिट मीटर म्हणजे चक्क उधारी. आपल्या वाण्याच्या 'आज रोख उद्या उधार' पाटीतला उद्या उगवला म्हणायचा.) उधारी म्हटल्यावर ते तुझी पत तपासणार. आपण नवखे, इथे कर्जाचा इतिहासच नाही, म्हणून मला म्हणाले, अनामत ठेवा किंवा डायरेक्ट डेबिट (बँकेच्या खात्यातून आपोआप कपात) लावा. मी डायरेक्ट डेबिट लावलं. मीटरवर थकबाकी असेल तर ती आधी मिटवावी लागते. आणि करार वाच. माझ्या करारात मीटर बदलण्याआधी विचारायची अट होती. घरमालकाला ईमेल केला, एका ओळीत होकार आला. तो जपून ठेवलाय, घर सोडताना लागेल.

माझी मीटरं जुनी, त्यामुळे इंजिनिअर आला आणि जिन्याखालच्या कपाटात अर्धा दिवस वाकून त्यानं दोन्ही बदलली. तुझं स्मार्ट मीटर असेल तर बहुधा कोणी यायचीही गरज नाही, कंपनी तिकडूनच मोड बदलते. काहीही असो, बदलाच्या दिवशी आकड्यांचे फोटो काढ. जुन्याचं शेवटचं रीडिंग, नव्याचं पहिलं. माझं पहिलं बिल अंदाजानं आलं होतं, या दोन फोटोंवर ते दुरुस्त झालं.

पैसे वाचतील म्हणून मात्र बदलू नकोस. पूर्वी प्रीपेमेंटवाल्यांनाच जास्त दर पडायचा, गरिबाला महाग असा उलटा न्याय. मी मार्चमध्ये बदललं आणि एप्रिल २०२४ पासून तेच किंचित स्वस्त झालं; माझं टायमिंग तुला माहीतच आहे. ऑफजेमच्या (इथल्या वीज-गॅस नियामकाच्या) जानेवारी-मार्च २०२५ च्या प्राइस कॅपमध्ये, म्हणजे दराच्या कमाल मर्यादेत, सरासरी घराला डायरेक्ट डेबिटनं वर्षाला १,७३८ पौंड आणि प्रीपेमेंटनं १,६९०. बिल आल्यावर आपणहून भरलं तर दोन्हींपेक्षा शंभराच्या वर जास्त, त्या वाटेला जाऊच नकोस.

डायरेक्ट डेबिटमध्ये दर महिन्याला ठरावीक रक्कम जाते. सप्टेंबरात माझे १८० पौंड कंपनीकडे जमा दिसत होते, म्हणून मी चिडून फोन करणार होतो. बरं झालं नाही केला. डिसेंबर-जानेवारीनं ते सगळे गिळले.

आणि खरं सांगू? पहिल्या महिन्यात आमचा गॅस वाढला. चावी होती तेव्हा रोज रात्री मोबाईलच्या टॉर्चमध्ये तो निळा खटका दाबून शिल्लक बघायचो, आणि चार पौंड दिसले की ही न बोलता थर्मोस्टॅट खाली करायची. ते गेलं आणि आम्ही सैल सुटलो. आता महिन्याच्या एक तारखेला रीडिंग डायरीत लिहितो.

तू विचारलंस, एखादा हप्ता चुकला तर जबरदस्तीनं परत चावीचं मीटर बसवतील का? २०२३ च्या सुरुवातीला कोर्टाचं वॉरंट घेऊन लोकांच्या घरात शिरून मीटरं बसवल्याचा बोभाटा झाला, तेव्हा ते थांबवलं गेलं आणि नियम कडक झाले. दोन वर्षांखालचं मूल घरात असेल तर तसं बसवता येत नाही, म्हणजे तुझी चिमी दोन वर्षांची होईपर्यंत तरी तुला अभय आहे. पण तुझ्या शिफ्ट कमी-जास्त होतात. ज्या महिन्यात पगार कमी, त्या महिन्यात ठरलेली रक्कम जाणारच. तुला नुसता दुकानाच्या खेपांचा कंटाळा असेल तर स्मार्ट प्रीपेमेंट घे आणि फोनवरून भर. मला त्यात तुझ्यासाठी काही वाईट दिसत नाही. हे वहिनींशी बोलून ठरव, तुझ्या एकट्याच्या हिशोबावर माझा विश्वास नाही.

मीटरच्या पडद्याचा फोटो आधी पाठव, म्हणजे कुठलं आहे ते सांगतो. आणि त्या जुन्या चावीचं लक्षात आहे ना?

तुझा,
बाळ्या