गाणे कोणाचे, याचा तपास कोकणातही व्हावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील कंट्री संगीताच्या दुनियेत घडणाऱ्या विनोदी रहस्यकादंबऱ्यांविषयी आपल्या रविवार पुरवणीत जो लेख आला, त्याबद्दल प्रथम आभार मानतो. कारण या प्रकारच्या पुस्तकांना मराठी वृत्तपत्रांत सहसा चार ओळींचीही जागा मिळत नाही. मात्र लेखकाने शेवटी काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. प्रवासात वाचावे आणि उतरताना विसरून जावे, यापलीकडे या कादंबऱ्यांचे मोल नाही आणि मराठीला त्यांची गरज नाही, असा त्या लेखाचा रोख होता. माझे मत याच्या अगदी उलट आहे. एखाद्या संगीताचा व्यवहार आतून कसा चालतो, गाणे कोणी रचले, त्यावर नाव कोणाचे लागले, बिदागी कोणाच्या हातात पडली आणि रुसून घरी कोण बसले, हे सगळे एका दमात सांगू शकणारा विनोदी रहस्यकादंबरीइतका सोयीचा दुसरा वाङ्मयप्रकार मला दिसत नाही. आमच्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या डबलबारीच्या, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याच्या, किंवा दशावतार या रात्री रंगणाऱ्या लोकनाट्याच्या जगावर अशी कादंबरी माझ्या वाचनात अद्याप आलेली नाही, याची मला खंत वाटते, आणि हे पत्र त्यासाठीच आहे.

कंट्री संगीतात रहस्यकथाकाराला इतके काय सापडले, हे समजण्यासाठी त्या संगीताच्या आरंभाकडे पाहावे लागते. दक्षिण अमेरिकेशी गल्लत होऊ नये म्हणून सांगतो, की हे संगीत संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागातल्या डोंगराळ मुलखातून, शेतकरी, खाणकामगार आणि रेल्वेवर राबणाऱ्या कुटुंबांतून आले. १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टेनेसी आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल या गावी राल्फ पीअर यांनी व्हिक्टर या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीसाठी ध्वनिमुद्रणाची तात्पुरती सोय केली आणि तेथे कार्टर या गाणाऱ्या कुटुंबाची व गायक जिमी रॉजर्स यांची पहिली ध्वनिमुद्रणे झाली. त्या कुटुंबातले ए. पी. कार्टर पुढे डोंगरदऱ्यांतून हिंडून लोकांच्या तोंडची गाणी गोळा करू लागले. अनेकदा त्यांच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचे कृष्णवर्णीय गिटारवादक असत; कार्टर शब्द उतरवून घेत आणि रिडल चाल ध्यानात ठेवत. अशी जमवलेली कितीतरी गाणी प्रसिद्ध झाली ती कार्टर यांच्या नावावर, आणि रिडल यांचे नाव फार काळ जाणकारांपुरतेही उरले नव्हते. येथे गुन्हा कोणता घडला, गुन्हेगार कोण, की मुळात गुन्हाच नाही, या प्रश्नांचा निकाल इतिहासकार आपल्या परीने लावतील. रहस्यकथेतला तपास करणारा मात्र हेच प्रश्न घेऊन दारोदार जातो, प्रत्येकाकडून वेगळे उत्तर ऐकतो, आणि त्या उत्तरांमधल्या विसंगतीतूनच हसू निर्माण होते.

किंकी फ्रीडमन यांचा उल्लेख या संदर्भात केलाच पाहिजे. हे गृहस्थ स्वतः कंट्री गायक होते, त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद होता, आणि १९८६ पासून त्यांनी रहस्यकादंबऱ्या लिहिल्या त्या नायकाला स्वतःचेच नाव देऊन. गाण्याचे दिवस मागे पडलेला हा नायक न्यूयॉर्कमध्ये मांजर पाळून राहतो आणि मित्रांच्या मदतीने खुनांचा छडा लावतो. एका कादंबरीत कंट्री संगीताच्या एका कॅफेत गाणाऱ्या कलावंतांचे खून होतात आणि गाजलेले कंट्री गायक हँक विल्यम्स यांच्या गीतांच्या ओळी आधी येऊन त्या खुनांची सूचना देतात. ज्या वाचकाला ठाऊक आहे, की हँक विल्यम्स वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी, १९५३ च्या नववर्षदिनी, ओहायोतील कार्यक्रमाला निघाले असताना मोटारीच्या मागच्या आसनावरच मरण पावले, त्याला त्या ओळींचा अर्थ अधिक खोलवर लागतो. फ्रीडमन २०२४ मध्ये निवर्तले. त्यांच्या लेखनाची चव सर्वांना मानवेल असे नाही, त्यातला काही विनोद मलाही भरड वाटतो. परंतु ज्या मंचावर आपण स्वतः उभे राहिलो त्याविषयी लिहिताना येणारी खात्री त्यात आहे, आणि ती बाहेरून अभ्यास करणाऱ्याला सहजी मिळत नाही.

लेखात एक आक्षेप असा आहे, की खुनाच्या कथेत हसणे हे असंवेदनशीलतेचे लक्षण आहे. या आक्षेपाचा मी आदर करतो, कारण त्या संगीताच्या इतिहासात खरे खूनही झालेले आहेत. स्ट्रिंगबीन या नावाने ओळखले जाणारे डेव्हिड एकमन हे बँजोवादक आणि विनोदी कलावंत १० नोव्हेंबर १९७३ च्या रात्री कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरातला कार्यक्रम आटोपून पत्नीसह घरी परतले, तेव्हा घरात दबा धरून बसलेल्या चोरांनी दोघांचाही जीव घेतला. बँकांवर त्यांचा विश्वास नाही आणि ते रोकड घरातच ठेवतात, अशी बोलवा होती. मोठी रक्कम चोरांच्या हाती लागलीच नाही. कितीतरी वर्षांनी, १९९६ मध्ये, ती धुराड्याच्या विटांमागे सापडली, आणि तोवर नोटा कुजून निरुपयोगी झाल्या होत्या. या घटनेवर विनोदी कादंबरी कोणी लिहू नये, असेच मीही म्हणेन. पण चांगल्या विनोदी रहस्यकथेत हसू येते ते मागे राहिलेल्यांच्या मानापमानाचे, त्यांच्या लपवाछपवीचे आणि मोठेपणाच्या हौसेचे. मेलेल्या माणसाची तेथे थट्टा होत नाही. शिवाय रहस्यकथेला खून हवाच असेही नाही. बुवांची गाण्यांची वही बारीच्या आदल्या रात्री नाहीशी होणे किंवा दशावतारातला गणपतीचा मुखवटा पेटाऱ्यातून गायब होणे, हे आमच्याकडे एका गावाची झोप उडवायला पुरेसे आहे.

तपासकथेला लागणारे सामान आमच्या मंचावर किती आयते आहे, हे मला येथे जरा सविस्तर मांडायचे आहे. नॅशव्हिलचा ग्रँड ओल ऑप्री हा कार्यक्रम १९२५ पासून नभोवाणीवर होत आला आहे. तो थेट प्रक्षेपित होतो, प्रायोजकांप्रमाणे त्याचे भाग पडलेले असतात, आणि म्हणून कोणता गायक कोणत्या मिनिटाला ध्वनिक्षेपकासमोर होता, हे साऱ्या श्रोत्यांच्या साक्षीने ठरते. तिथला संशयित घड्याळावर बोट ठेवून सुटू शकतो. दशावतारात याच्या नेमके उलटे आहे. तेथे लिखित संहिता नसते. मंडळीचा मालक रंगपटात, म्हणजे नटांच्या रंगण्याच्या खोलीत, आख्यान सांगतो, पात्रे वाटून देतो, आणि पुढचे संवाद नट उभ्या उभ्या रचतात. राजाने दरबारात किती वेळ बोलावे, हे त्या रात्रीवर, प्रेक्षकांवर आणि आत कोणाचा मेकअप व्हायचा राहिला आहे यावर अवलंबून असते. आतला नट तयार नसेल तर बाहेरचा राजा प्रधानाशी राजधर्मावर आणखी थोडा वाद घालतो, पायपेटी (पायाने भाता चालवायची हार्मोनियम) वाजवणारा एखादे पद वाढवून घेतो, आणि समोर बसलेल्या गावाला काही उमगतही नाही. म्हणजे एखादा नट मध्यरात्रीनंतर देवळामागच्या अंधारात घटकाभर गायब झाला असेल, तर त्याला सांभाळून घेण्याची कला संपूर्ण मंडळीच्या अंगात मुरलेली आहे. आता अशा मंडळीची जबानी घेणाऱ्या पोलीस हवालदाराची कल्पना करावी. मालक सांगतो, की आरंभीचे शंकासुराचे पात्र गेल्यावर लगेच. स्त्रीपार्टी नट सांगतो, की युद्धाच्या आधी. आणि पखवाजवाला तर वेळ तालाच्या आवर्तनांतच मोजतो. यातला विनोद बाहेरून आणून चिकटवावा लागत नाही, तो कामाच्या रीतीतच आहे, आणि गुन्ह्याची किल्लीही त्याच रीतीत आहे.

डबलबारीचे जग तर नॅशव्हिलच्या आणखी जवळचे आहे. समोरासमोर बसलेले दोन बुवा, मागे आपापले कोरस, झांजा, पखवाजाच्या धुमेवर, म्हणजे डाव्या तोंडावर, लावलेली ओली कणीक, आणि रूपाच्या अभंगापासून गौळण व गजरापर्यंत चढत जाणारी चुरस. गणपतीच्या दिवसांत मुंबईहून आलेले चाकरमानी पहाटेपर्यंत बसून कोणी कोणाला निरुत्तर केले याचा हिशेब ठेवतात आणि तो वर्षभर विसरत नाहीत. नॅशव्हिलमध्ये गीत दोघातिघांनी बसून रचण्याची पद्धत आहे, त्यामुळे गीतावर कोणाकोणाचे नाव लागावे हा तिथला जुना वाद आहे आणि त्यामागे मानधनाचा प्रश्न उभा असतो. आमच्याकडे रचनाकार शेवटच्या चरणात स्वतःचे नाव गुंफतो, शक्ती-तुरा या सवालजवाबांच्या लोककलेतला शाहीर तर नावाबरोबर गुरूचे घराणेही सांगतो. रचना पळवायची असेल तर चोराला तो चरण बदलावाच लागतो. चार अक्षरी नावाच्या जागी तीन अक्षरी नाव बसवले की एक अक्षर कमी पडते, ते भरून काढायला एखादा निरर्थक शब्द घालावा लागतो, आणि छंदाचा कान असलेल्या म्हाताऱ्या श्रोत्याला तो शब्द दातांखाली खडा यावा तसा लागतो. बोटांच्या ठशांइतका पक्का पुरावा असा एका चरणात मिळतो. एखाद्या निवृत्त भजनी बुवांनी केवळ ऐकून चोर ओळखला, असे प्रकरण ज्या कादंबरीत येईल ती वाचून अभंगाचा छंद न शिकलेल्या मुलालाही तो छंद कळेल, आणि एवढे काम शाळेतल्या धड्याकडून क्वचितच होते.

मराठीला या प्रकारची सवय नाही, हे म्हणणेही तपासून पाहावे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांनी कितीतरी मराठी माणसांना वाचनाची गोडी लावली. पुढे गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर यांच्या पुस्तकांची वाचनालयांत वाट पाहिली जाई. विनोदी लेखनाची आपली परंपरा तर त्याहूनही मोठी आहे. अडचण एवढीच झाली, की ही दोन घरे शेजारी असूनही त्यांचे फारसे येणे-जाणे राहिले नाही. रहस्यकथेतला नायक बहुधा शहरातला, मोटार चालवणारा आणि प्रमाण मराठी बोलणारा राहिला, आणि गाव आले ते वाडा, विहीर आणि अमावास्या एवढ्यापुरतेच.

नाटकाने मात्र वाट दाखवली आहे. गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांनी त्याचे हजारो प्रयोग केले. गावातल्या हौशी मंडळींनी पौराणिक नाटक बसवताना उडणारी तारांबळ हाच त्याचा विषय आहे, म्हणजे एका कलेच्या आतल्या व्यवहारातूनच तेथे हशा पिकतो. मालवणी समजत नाही म्हणून उर्वरित महाराष्ट्राने ते नाकारले नाही. परंतु त्या यशानंतर मालवणी बोलणारे पात्र म्हणजे हसवणारे पात्र, असा जो समज पडद्यावर आणि मालिकांत रुजला, तो मला बोचतो. रहस्यकथा हा समज मोडू शकते, कारण तपास करणारी व्यक्ती कथेत सर्वांत तल्लख असावी लागते. तिने मालवणीत विचार करावा, मालवणीत प्रश्न विचारावेत आणि मालवणीतच गुन्हेगाराला कोंडीत पकडावे. विनोद तिच्या बोलीमुळे घडू नये, तिच्या नजरेमुळे घडावा.

त्याचबरोबर एक अट मला आग्रहाने मांडावीशी वाटते. अशी कादंबरी लिहिणाऱ्याने जत्रेत एक रात्र बसून, चार छायाचित्रे घेऊन परत जाऊ नये. रात्रीच्या हिशेबाने नटाला काय मिळते, पावसाळ्याचे चार महिने तो कोणाच्या शेतात राबतो, ट्रिकसीनची, म्हणजे चमत्कारांच्या देखाव्यांची, नाटके आल्यापासून कोणाचे काम वाढले आणि कोणाचे घटले, संयुक्त दशावतारात वेगवेगळ्या मंडळींचे नट एकत्र आले की रंगपटात कोण कोणाशी बोलत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याच हातून हे लेखन उभे राहील. ते ठाऊक असलेली माणसे आमच्या तालुक्यांत आहेत, लिहिणारीही आहेत. मासिकांत कोकण आला की समुद्र, आंबा आणि आजोळ यांवरचा लेख मागितला जातो, म्हणून तीही तेच लिहून देतात.

यास्तव आपणास विनंती, की आपल्या पुरवणीत रहस्यकादंबऱ्यांच्या परीक्षणासाठी महिन्यातून एकदा तरी ठरलेली जागा असावी, आणि येत्या त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास, जत्रांचा हंगाम सुरू होत असताना, कोकणातल्या भजनाच्या किंवा दशावताराच्या पार्श्वभूमीवरील विनोदी रहस्यकथा क्रमशः छापण्यासाठी लेखकांना जाहीर आवाहन करावे. पानांची अडचण असल्यास दिवाळी अंकात एका दीर्घकथेपासून आरंभ करता येईल. आलेल्या हस्तलिखितांतील ताल, रचना आणि रंगपटाच्या रीतीभाती यांचे तपशील तपासून द्यायला आमच्या भागातले जाणते बुवा, पखवाजवादक आणि जुने दशावतारी आनंदाने बसतील; त्यांना एकत्र आणण्याची जबाबदारी मी घेतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाचक
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग