आजीच्या पलंगाचं काय झालं ते

ती. आई आणि बाबांना सा. न.

सांगायचं ते आधीच सांगून टाकते. आजीच्या पलंगाची उशाकडची फळी मी कापली. चिनूच्या गिटारीसाठी. विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर आई, तू "राहू दे गं" म्हणाली असतीस आणि पलंग अजून दहा वर्षं माळ्यावर पडला असता. पायांना वाळवी लागलीच होती, फळी मात्र खणखणीत साग. कोरीव पट्टीला हात लावलेला नाही, तुझ्या जुन्या सुती साडीत गुंडाळून ठेवली आहे.

बाबा, तयार गिटार का नाही घेतली, असं तुम्ही विचारणारच. पैसे फारसे वाचले नाहीत, कबूल. पण 1950 च्या फेंडर एस्क्वायर या इलेक्ट्रिक गिटारीसारखी मान चार स्क्रूंनी अंगाला आवळलेली असली, की मान एकीकडची, ब्रिज (तारा टेकतात ती घोडी) दुसरीकडचा असं जमवता येतं. बिघडेल तेवढाच भाग बदलायचा. एस्क्वायरसारखाच हिलाही एकच पिकअप (तारांचा कंप पकडणारं चुंबकाचं वेटोळं) आहे, म्हणजे वायरिंग कमी.

फळी 22 मिलिमीटर जाडीची, म्हणून दोन थर चिकटवले. सागात तेल असतं, त्यामुळे चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसलं. नाहीतर सांधा पुढे उकलतो. खिळे चुंबक फिरवून शोधले. खरी धाकधूक ब्रिजची होती. नटापासून (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीपासून) बाराव्या पडद्यापर्यंत 324 मिलिमीटर, तेवढंच पुढे म्हणजे 648 वर तार टेकली पाहिजे, जाड तार आणखी दोन-तीन मिलिमीटर मागे. आई, तुझ्या तंबोऱ्याला पडदे नाहीत, घोडी जराशी सरकली तरी खुंटी पिळून भागतं. इथे पाच मिलिमीटर चुकलं तर वरचे सूर कायमचे बेसूर. म्हणून मान आधी बसवून, कडेच्या दोन तारांच्या जागी दोरा ताणून, मगच भोकं पाडली.

सोल्डरिंग मात्र मी केलेलं नाही. ते बाबांसाठी ठेवलंय. हात थरथरतो म्हणता, पण त्या मर्फी रेडिओच्या वेळी कुठे थरथरला?

खोक्यात 250 के (किलोओहम) चे दोन पॉट, म्हणजे व्हॉल्यूम आणि टोनची फिरती बटणं, 0.022 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, जॅक आणि वायर आहे. पिकअपची गरम (सिग्नलची) तार व्हॉल्यूमच्या एका कडेच्या पायाला, मधला पाय जॅकच्या टोकाला, उरलेला पॉटच्या पाठीला. पिकअपच्याच पायावरून एक वायर टोनच्या कडेच्या पायाला. टोनच्या मधल्या पायापासून कपॅसिटर त्याच्या पाठीला. पिकअपची दुसरी तार, दोन्ही पाठी आणि जॅकची बाही (बाहेरचा भाग) एकमेकींना जोडायच्या. व्हॉल्यूम उलटा फिरला तर कडेच्या दोन पायांवरच्या तारा अदलाबदल करा. ब्रिजखालून आलेली बारीक तार विसरू नका. ती पाठीला जोडली की तारांना हात लावल्यावर घरघर कमी होते.

तुमची 25 वॅटची सोल्डरिंगची इस्त्री वापरू नका. पॉटची पाठ उष्णता ओढून घेते, टाका करडा आणि खडबडीत पडतो आणि नंतर सुटतो. 60 वॅटची पाठवली आहे. पाठ आधी पॉलिश पेपरने घासा.

आई, करंट लागेल म्हणून घाबरू नकोस. गिटारीत घरची वीज नसते, पिकअप स्वतःच जेमतेम काही मिलिव्होल्ट तयार करतो. फक्त ॲम्प्लिफायरचा तीन पिनांचा प्लग कुणालाही दोन पिनांचा करू देऊ नका. अर्थिंग हवंच.

बाबा, आता ऐका. काम सकाळी नाश्ता आणि बीपीची गोळी झाल्यावर, खिडकीशी, चष्मा लावून. टाक्यात शिसं असतं, जेवणाआधी हात साबणाने धुवा. एका बैठकीत चार-पाच टाके, जास्त नाही. मानेचे स्क्रू आवळू नका. त्यांना आधी साबणाची वडी चोळावी लागते, नाहीतर मानेच्या मेपल लाकडात स्क्रूची मुंडी तुटते. ते मी आल्यावर करू. मानेच्या आतला, तिला सरळ ठेवणारा रॉड तर पावसाळ्यात मुळीच फिरवू नका, लाकूड फुगलेलं असतं.

पंधरा दिवसांनी येते, कोरीव पट्टी घेऊन. आई, ती देवघरावर लावू या का, की नको? रागावायचं असेल तर तेव्हा रागाव, फोनवर नको.

तुमची,
मनू