मूल संस्थेत जाते ते समितीच्या आदेशानेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेवारस सापडलेले किंवा आईला सांभाळणे शक्य नसलेले तान्हे मूल ‘एखाद्या आश्रमात देऊन टाका’ असा सल्ला सोलापुरात आजही सहज दिला जातो. देणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो. परंतु नोंदणीकृत बालगृह असो वा विशेष दत्तक संस्था, कोणालाही परस्पर मूल ठेवून घेता येत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार असे मूल, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या अधिकृत समितीपुढे, हजर करावे लागते. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढे नेता येते, त्यामुळे ‘आज सुटी होती’ ही सबब चालत नाही. मूल सापडल्याची खबर न देणे हाही गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत.

प्रसूती कक्षात अनेक वर्षे नोकरी केल्यामुळे एक दृश्य माझ्या चांगल्याच परिचयाचे आहे. घरी जायच्या दिवशी बाळंतिणीच्या उशाशी बसलेली कोणी लांबची नातेवाईक ‘चांगले घर पाहिले आहे’ म्हणत बाळाची दुपटी-टोपडी पिशवीत भरू लागते आणि आई भिंतीकडे तोंड करून पडून राहते. त्या आईला कोणीच सांगितलेले नसते की, मूल समर्पित करायचे, म्हणजे कायदेशीररीत्या कायमचे सोपवायचे असेल तर समुपदेशनानंतर समितीपुढेच तसा दस्त करता येतो, आणि त्यानंतरही फेरविचारासाठी तिला साठ दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत तिचे मन बदलले तर मूल परत मागण्याचा तिला हक्क आहे. खासगीत दिलेल्या बाळाचा असा माग मात्र राहत नाही. ते पुढे कोणाच्या हाती गेले, हे विचारायचे तरी कोणाला?

सोलापुरात यात भाषेची अडचण मोठी आहे. पूर्व भागातील कित्येक घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटकडून येणाऱ्या बायका कन्नड बोलतात, आणि कार्यालयीन मराठीतला समर्पणाचा कागद वाचून दाखवला म्हणजे समुपदेशन झाले असे मानणे त्या आईवर अन्याय करणारे आहे. तिच्या भाषेत बोलणारी व्यक्ती समोर बसवणे जिल्हा बाल संरक्षण कक्षाला अवघड नसावे. केवळ गरिबी हे मूल आईपासून तोडण्याचे कारण होऊ शकत नाही, हेही तिला त्याच वेळी स्पष्ट सांगायला हवे, कारण संस्था हा शेवटचा पर्याय आहे, असे कायदाच म्हणतो.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. टाकून दिलेल्या मुलाच्या पालकांचा शोध लागावा म्हणून त्याच्या छायाचित्रासह प्रकटन वृत्तपत्रात दिले जाते, आणि दोन वर्षांपर्यंतच्या मुलाचे पालक सापडले नाहीत तर दोन महिन्यांत ते दत्तकासाठी मुक्त, म्हणजे कायद्याने दत्तक देण्यास मोकळे, घोषित होऊ शकते. इतका थोडा अवधी असताना हे प्रकटन आतल्या पानावर निविदांच्या गर्दीत, चेहराही ओळखू येऊ नये इतके लहान छापले जाते. ते स्थानिक बातम्यांच्या पानावर, ठळकपणे आणि १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकासह छापावे, ही नम्र विनंती.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, सोलापूर