पातेरा जाळायला सांगू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत पावसापूर्वी बाग कशी तयार करावी, यावर लेख आला. कालचा दिवस गप्प बसलो, आज लिहिल्यावाचून राहवत नाही. झाडांखालचा सगळा पातेरा, म्हणजे गळलेला वाळका पाला, झाडून एका कोपऱ्यात जाळावा आणि राख मुळांना घालावी, असा सल्ला आपल्या दैनिकाने ऐन मे महिन्यात छापला. तो वाचून किती आवारांत काड्या ओढल्या गेल्या असतील, या विचाराने जीव तुटतो. लेखकाने आणि तो तपासणाऱ्याने फणसाखालचा पातेरा एकदा काठीने वर करून पाहायला हवा होता.

वरची पाने वाजतात. त्यांच्याखाली चार बोटांवर पाने काळी आणि ओलसर असतात, त्यांना बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी एकत्र शिवलेले असते. तिथे वाणी, गांडुळे, कोळी, सापसुरळी आणि उन्हाळा काढण्यासाठी दडलेले बेडूक असतात. काजव्यांच्या अळ्याही तिथेच, कारण काजव्याचे बहुतेक आयुष्य जमिनीवर गोगलगायी खात जाते. उडणारा, चमकणारा काजवा हा त्या आयुष्याचा शेवटचा थोडासा भाग. मेच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत ते बाहेर पडतात. म्हणजे लेखात सांगितलेल्या वेळी पातेरा पेटवला, की त्या वर्षीचे काजवे कोशातच जळतात. पुढच्या महिन्यात याच पुरवणीत काजवे कमी झाल्याची खंत वाचायची वेळ येऊ नये. दयाळ, कस्तूर आणि नवरंग पाने उलटून किडे टिपतात. पाने नसतील तर ते त्या आवारात येतीलच कशाला?

आता राखेविषयी. आपली गोव्यातली जांभ्याची जमीन आम्लधर्मी आहे, तिला थोडी राख मानवते हे खरे. पण पाने जळताना त्यांतला नत्र धुरावाटे निघून जातो आणि उरलेले पालाश जूनच्या पहिल्या धारेबरोबर ओहोळात जाते. राख घालायचीच असेल तर चुलीतली, पाऊस ओसरल्यावर, दर झाडाला दोन मुठी पुरे. शिवाय उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये देशभर बंदी घातली आहे आणि दंड पाच हजार रुपयांचा आहे. वाचकाला दंडास पात्र करणारा सल्ला छापण्यापूर्वी एवढे तरी पाहायला हवे होते.

मग पातेऱ्याचे करायचे काय? खळे (अंगण), पायवाट आणि घराच्या भिंतीपासून हातभर पट्टा रोज स्वच्छ झाडावा, त्याबद्दल कुणाचेच दुमत नाही. तिथला पातेरा उचलून झाडांच्या आळ्यांत घालावा. आंबा, फणस, चिकू यांच्या आळ्यात उन्हाळ्यात वीतभर थर चालतो. मात्र खोडाभोवती चार-सहा बोटे जागा मोकळी हवी. ती सोडली नाही तर पावसात साल कायम ओली राहते, बुंध्याशी कुजते आणि मग दोष पातेऱ्याला लागतो. जूनमध्ये हाच थर दबून निम्मा होतो, तो तसाच ठेवावा. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच. उघड्या मातीवर तो पडला की माती वाहून जाते, खाली खडे उरतात. उतारावर चुडते (माडाच्या झावळ्या) आडवी टाकून त्यांच्या वरच्या बाजूला पातेरा अडवला, तर पाणी थबकते आणि मुरते.

माडाचे आळे खोडापासून सहा फुटांपर्यंत घ्यावे. त्यात नारळाची सोडणे पसरायची असतील तर फुगीर बाजू वर ठेवावी, म्हणजे ओल धरून राहते. चर खणून सोडणे पुरायची असतील तर मात्र खोलगट बाजू वर, म्हणजे पाणी साठते. हे उलटे करून नंतर उपयोग होत नाही म्हणणारे पुष्कळ भेटतात.

आळ्यांना पुरून उरलेल्या पातेऱ्यासाठी चिऱ्यांचा हौद रचावा. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी तीन फूट, सिमेंट न लावता, दोन चिऱ्यांत दोन बोटे फट ठेवून. फटींतून हवा खेळते आणि तिथे सापसुरळ्या आणि बेडूक मुक्कामाला येतात. वीतभर पातेरा, त्यावर दोन-तीन बोटे ओला कचरा किंवा हिरवा पाला, त्यावर शेणकाल्याची अर्धी बादली, असे थर द्यावेत. आंबा-फणसाची पाने चिवट असतात, ती पायाखाली चुरडून घातली तर काम लवकर होते. मूठभर माल पिळल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, एवढीच ओल हवी. धार लागली तर आत हवा राहत नाही आणि आंबूस वास सुटतो. तेव्हा कोरडा पातेरा मिसळून खालीवर करावे. पावसाळ्यात वर विणलेली चुडते घालावीत. प्लास्टिकने घट्ट झाकले की आतला माल सडतो.

यात काय बिघडते तेही सांगायला हवे, कारण लोक पहिल्या अडचणीला काडीपेटी काढतात. सर्वांत मोठी भीती माडावरच्या गेंड्या भुंग्याची. ती खोटी नाही. त्याची मादी कुजणाऱ्या शेणखतात आणि मेलेल्या माडाच्या खोडात अंडी घालते. म्हणून मेलेला माड आवारात कुजत ठेवू नये, हौदात शेण भरमसाट घालू नये आणि दर पंधरा दिवसांनी माल उलटावा. तपकिरी डोक्याच्या, अर्धवर्तुळात वळलेल्या जाड पांढऱ्या अळ्या दिसल्या तर वेचून बाहेर टाकाव्यात, कावळे आणि भारद्वाज त्यांचा समाचार घेतात. नव्या चुडतांवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोण दिसले, की भुंगा शेंड्यात शिरला असे समजावे. तिथे आतल्या तीन पानांच्या बगलांत पाव किलो निंबोळी पेंडीची पूड तेवढ्याच वाळूत मिसळून भरावी. मे, सप्टेंबर आणि डिसेंबर, असे वर्षातून तीनदा.

दुसरी भीती सापाची. घोणस पातेऱ्यात बसते आणि त्याच रंगाची असते, त्यामुळे हा धोका खराच आहे. म्हणूनच वाट आणि खळे झाडलेले असावे, आळ्यात हात न घालता दंताळे वापरावे आणि रात्री बॅटरीशिवाय बागेत उतरू नये. तिसरी भीती वाळवीची. ती मेलेले लाकूड खाते, त्यासाठीच तर भिंतीलगतचा पट्टा मोकळा ठेवायचा. सातेरीच्या देवळात आपण रोयणीला, म्हणजे वाळवीच्या वारुळाला, हात जोडतो. घरामागच्या रोयणीत कीटकनाशक ओतायला सांगणारा त्या लेखातला सल्ला गोव्यातल्या दैनिकात छापून येतो, याचे दुःख वाटते.

सत्तरी तालुक्यातल्या वाचकांसाठी एक सावधगिरी लेखात यायलाच हवी होती. तिथे 2015 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडीमार्फत पसरतो. जानेवारी ते मे या काळात रानातला पातेरा ओढून आणू नये. आपल्या आवारातल्या झाडांचा पातेरा पुरेसा असतो.

भाजीच्या वाफ्यात मात्र मी स्वतःही पातेऱ्याची घाई करायला सांगणार नाही. रोपे वीतभर होईपर्यंत वाफा उघडाच बरा, नाहीतर आफ्रिकन गोगलगायी दिवसा पानांखाली दडतात आणि रात्री कोवळे कोंब साफ करतात. त्या तिन्हीसांजेला हातमोजे घालून वेचाव्यात आणि दाट मिठाच्या पाण्यात बुडवून पुराव्यात. नुसत्या हाताने धरू नयेत, त्यांच्यातल्या कृमींमुळे माणसाच्या मेंदूला आजार होऊ शकतो. विषारी गोळ्या पसरू नयेत. कुत्र्याने त्या खाल्ल्या तर जिवावर बेतते, आणि गोगलगाय आवडीने खाणारा भारद्वाज आपण स्वतःच्या हाताने गमावून बसतो.

यात नवीन काही नाही. फोंडा, सांगे, काणकोणच्या कुळागरांत पोफळीखाली केळ, केळीखाली अननस आणि पोफळीवर चढलेली मिरी असते. तिथे पाटाचे पाणी खेळते आणि पडलेले पान मुळांशीच कुजते. कुळागर टाइल्ससारखे लख्ख करायला कुणी जात नाही. शहरातल्या दोनशे चौरस मीटरच्या आवारालाही हाच नियम लागू आहे, फक्त झाडे कमी.

लेखासोबतच्या छायाचित्राबद्दलही लिहिणे भाग आहे. फुलपाखरांसाठी उत्तम म्हणून पिवळ्या फुलांचा जो गालिचा दाखवला आहे, ती वेडेलिया आहे. जगातल्या सर्वांत घातक शंभर परक्या आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचे नाव आहे. फुलपाखरू तिच्या फुलावर क्षणभर बसते, पण अंडी घालायला त्याला कडीपत्ता, लिंबू, बहावा, रुई, सापसंद अशी झाडे लागतात, आणि नेमकी तीच झाडे तिच्या गालिच्याखाली उगवू शकत नाहीत. चतुर्थीच्या माटोळीला (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवीला) बांधतो ती घागरी ही रानवनस्पती लावली, तर टायगर जातीच्या फुलपाखरांचे नर तिच्यातला रस घ्यायला थव्याने येतात. लागवडही सोपी. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवायचे आणि जूनच्या सुरुवातीला एक-दीड फुटावर टोकायचे.

ज्यांनी वेडेलिया आधीच लावली आहे, त्यांनी ती पाऊस लागण्यापूर्वी मुळासकट उपटावी. तिच्या प्रत्येक पेराला मूळ फुटते, म्हणून उपटलेला वेल ओहोळात किंवा खतात टाकू नये. सिमेंटच्या गच्चीवर किंवा पत्र्यावर आठवडाभर कडक उन्हात वाळवावा, मगच हौदात घालावा. पाऊस सुरू झाल्यावर हे जमणार नाही.

पातेरा जाळण्याच्या सल्ल्याची आणि त्या छायाचित्राची दुरुस्ती येत्या रविवारीच, त्याच पानावर आणि तेवढ्याच ठळकपणे छापावी, ही विनंती. त्यानंतर छापली तर पाऊस लागलेला असेल आणि पातेरा जळून गेलेला असेल.

आपला,
एक नियमित वाचक, फोंडा